वसंतातलं विणकाम : दिसायला छान, वापरायला कसं?

महिला मंडळांच्या विणकाम स्पर्धेत टेबलावर कपडे मांडले जातात आणि पहिला नंबर बहुधा सर्वांत किचकट विणीला मिळतो. पण दोन-दोन महिने खपून विणलेला असा स्वेटर पुष्कळदा पुढे ट्रंकेतच पडून राहतो. घरातली माणसं मात्र जुना, साधा, मऊ कार्डिगनच शोधत असतात. असं का होतं? कारण कपड्याची परीक्षा टेबलावर होते, अंगावर होत नाही.

वसंतातल्या कपड्यांची परीक्षा तर अधिकच कडक असते. फेब्रुवारीत पुण्याकडे पहाटे पारा १२-१३ अंशांवर असतो, तर दुपारी तिशी ओलांडतो. दिल्लीतही महिनाअखेरीस सकाळी गारवा आणि दुपारी ऊन अशीच स्थिती असते. म्हणून या दिवसांतला कपडा सकाळी हवासा वाटणारा आणि अकरा वाजता सहज काढून ठेवता येणारा हवा. पुढून उघडणारा कार्डिगन किंवा बिनबाह्यांचा स्लिपओव्हर इथे शोभतो. उंच, बंद गळ्याचा स्वेटर कितीही सुंदर असला, तरी तो डिसेंबरसाठीच राखून ठेवावा.

धागा कोणता?

लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के बाष्प शोषूनही ओलसर वाटत नाही. त्यामुळे बारीक, मऊ लोकरीचा विरळ विणलेला कपडा या दिवसांतही चालतो. अॅक्रिलिक स्वस्त आणि धुवायला सोपं, पण ते घाम शोषत नाही आणि घर्षणाने त्यावर गोळे येतात. सुती धागा अंगाला गार लागतो, मात्र तो जड असतो आणि त्याला लोकरीसारखा ताण नसतो. त्यामुळे सुती कपडा स्वतःच्या वजनानेच लांबत जातो.

धाग्याची पारख हाताने नव्हे, मानेने करावी. विणलेला छोटा तुकडा हनुवटीखाली अर्धा तास ठेवून पाहावा. टोचला, तर मुलांसाठी तो धागा वापरूच नये.

टाक्यांचा हिशेब

नमुन्याचा तुकडा विणणं अनेकींना वेळेचा अपव्यय वाटतो. पण हिशेब करून पाहावा. १० सें.मी.मध्ये २२ टाके धरले, तर ९० सें.मी. घेरासाठी १९८ टाके लागतात. विणणारीचा हात सैल असेल आणि १० सें.मी.मध्ये २० टाकेच बसत असतील, तर तोच घेर ९९ सें.मी. होतो! नमुना धुऊन, वाळवून मगच मोजावा. हात सैल असेल तर १० नंबरऐवजी ११ नंबरच्या बारीक सुया घ्याव्यात.

वीण आणि दागिने

जाळीची वीण हलकी, हवेशीर आणि वसंताला साजेशी असते. पण मोठ्या भोकांत मंगळसूत्र आणि बांगड्या अडकतात. म्हणून जाळी खालच्या घेराला किंवा बाहीच्या वरच्या भागात ठेवून मनगट आणि गळा साध्या विणीचा ठेवणं शहाणपणाचं. वेण्यांची वीण देखणी खरी, पण ती कापड जाड करते आणि आत ओढते. या ऋतूत एखादी वेणी पुरे.

अंगावर घालून पाहताना

फळीवरचा डबा काढताना करतो तसे दोन्ही हात वर करावेत. कपडा कमरेच्या वर सरकला, तर मुंढा किंवा लांबी चुकली आहे. बटणं लावून खाली बसावं. बटणांमध्ये फट दिसली, तर घेर कमी पडला आहे. पुढचा गळा पाठीच्या गळ्याइतकाच उथळ असेल, तर तो घशाशी दाटतो. साडीवर घालायचा कार्डिगन साडी नेसूनच घालून पाहावा. पदर आत राहणार की वर, यावर खांदा आणि लांबी ठरते.

लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं. तीन वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण ५० सें.मी. भरतो. त्यामुळे खांद्यावर दोन बटणं ठेवणं सोयीचं. गळ्याशी लोंबत्या दोऱ्या मात्र कधीच नसाव्यात.

शेवटची कसोटी म्हणजे धुणं. लोकर गरम पाण्यात चोळली की आटते. दोरीवर टांगलेला ओला स्वेटर लांबतो. तो सावलीत, टॉवेलवर पसरूनच वाळवावा.

एवढं करूनही कपडा पसंत पडला नाही, तर निराश व्हायचं कारण नाही. कातरी चाललेलं कापड पुन्हा जोडता येत नाही, पण विणलेला स्वेटर उसवता येतो. धाग्याची लडी करून ती धुतली, वाळवली की वळ्या बऱ्याच सरळ होतात. ट्रंकेत पडून राहिलेल्या एका अवजड स्वेटरच्या लोकरीतून मुलांचे दोन हलके स्लिपओव्हर होऊ शकतात. रोज अंगावर दिसणारा साधा कपडाच विणणारीच्या कष्टांचं खरं चीज करतो.