छोट्या संसाराचा स्वयंपाक – लेखांक ६ : कडधान्ये

मूग, मटकी, चवळी, मसूर, हरभरा, वाटाणा, वाल, कुळीथ, राजमा ही महाराष्ट्रातल्या घरांत नेहमी लागणारी कडधान्ये. दाणा अख्खा असला की कडधान्य आणि भरडून टरफल काढले की डाळ, एवढाच दोहोंतला फरक. दोन्हींत प्रथिनांचे प्रमाण वजनाच्या साधारण २० ते २५ टक्के असते. तांदळात ते ७-८ टक्के आणि गव्हात ११-१२ टक्के भरते. घरभाडे, कर्जाचा हप्ता आणि मुलाचे दूध यांतून उरलेल्या पैशांत महिन्याचे वाणसामान भरायचे असेल, तर पनीर किंवा प्रथिनांच्या डबाबंद पावडरींकडे वळण्याआधी कडधान्यांचे डबे भरावेत. ती वर्षभर मिळतात, फ्रिजशिवाय टिकतात आणि एकाच कडधान्याचे चार दिवस चार वेगळे पदार्थ होतात.

वरण-भात, भाकरी-उसळ, खिचडी या जोड्या पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या, त्याला सबळ कारण आहे. धान्याच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी पडते. कडधान्यांत ते भरपूर असते. त्यांच्यात मेथिओनिन कमी असते आणि ते धान्यातून मिळते. दोन्ही दिवसभरात पोटात गेली की एकमेकांची उणीव भरून काढतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत २००० किलोकॅलरीच्या रोजच्या आहारात डाळी-कडधान्ये सुमारे ८५ ग्रॅम धरली आहेत. त्यातला काही वाटा अंडी, मासे किंवा मटण यांनी भरून काढता येतो. दोन मोठी माणसे आणि एक लहान मूल अशा शाकाहारी घराला या हिशेबाने महिन्याला डाळी आणि कडधान्ये मिळून पाच ते सहा किलो लागतात. बहुतेक घरांत एवढी येत नाहीत. तूरडाळ दोन किलो येते, बाकीची कडधान्ये पाव-पाव किलो येऊन डब्यात पडून राहतात आणि शेवटी त्यांना भुंगे लागतात.

म्हणून खरेदी बेताची, पण वापर नेमाचा असावा. एका महिन्यासाठी तीन-चारच प्रकार निवडावेत, प्रत्येकी अर्धा किलो घ्यावेत आणि पुढच्या महिन्यात प्रकार बदलावेत. दाणा भरलेला, एकसारख्या आकाराचा आणि भोके नसलेला पाहून घ्यावा. उष्ण, दमट जागी वर्ष-दीड वर्ष पडून राहिलेले कडधान्य कितीही भिजवले तरी नीट शिजत नाही, कारण साठवणीत त्याच्या पेशींच्या भिंती कठीण होत जातात. म्हणून मोठ्या सवलतीत मिळणारी जुनी पोती छोट्या घराच्या उपयोगाची नाहीत. नवे मूग आणि मटकी दसरा-दिवाळीच्या सुमारास बाजारात येतात, तूर जानेवारीपासून आणि हरभरा होळीच्या आसपास. तेव्हाचा माल लवकर शिजतो. घरी आणल्यावर एक ऊन द्यावे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे. पूर्वी वर्षाचे कडधान्य एरंडेल चोळून ठेवत. महिन्याच्या साठ्याला त्याची गरज नाही.

भिजवणे हे या स्वयंपाकातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे. संध्याकाळी सात वाजता भूक लागल्यावर कडधान्य आठवते, तोवर उशीर झालेला असतो आणि मग बाहेरून जेवण मागवले जाते. नोकरी करणाऱ्या जोडप्याला सोयीचा क्रम असा : सकाळी घराबाहेर पडताना कडधान्य दोन-तीन पाण्यांनी धुऊन तिप्पट पाण्यात भिजत घालायचे, रात्री जेवणानंतर उपसायचे आणि मोड येण्यासाठी ठेवायचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते शिजवायला तयार असते. मूग आणि मटकीला आठ तास पुरतात. हरभरा, वाटाणा, राजमा यांना दहा-बारा तास हवेत. मसूर दोन तासांत भिजतो आणि घाई असेल तर न भिजवताही शिजतो.

भिजवलेले पाणी टाकून द्यावे. कडधान्ये खाल्ल्यावर पोटात वायू धरतो तो मुख्यतः रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करांमुळे. आपल्या लहान आतड्यात त्या पचत नाहीत. पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात आणि त्यातून वायू तयार होतो. या शर्करा पाण्यात विरघळतात, त्यामुळे पाणी टाकले की त्यांचा बराच भाग निघून जातो आणि मोड येताना त्या आणखी घटतात. ज्या घरात कडधान्ये क्वचित होतात तिथे त्रास जास्त जाणवतो. आठवड्यातून एकदा, मग दोनदा असे वाढवत नेले की पोटाला सवय होते.

मोड आणण्यासाठी उपसलेले कडधान्य चाळणीत पूर्ण निथळू द्यावे. पाणी राहिले तर दाणे बुळबुळीत होतात आणि वास मारतात. नवख्यांची मोडाची मटकी बिघडते ती बहुधा याच कारणाने. निथळलेले दाणे ओलसर सुती फडक्यात सैल बांधून चाळणीतच ठेवावेत आणि वर ताट झाकावे. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात. मात्र मध्ये एकदा दाणे धुऊन पुन्हा निथळून घ्यावे लागतात. पुण्या-नाशिकच्या थंडीत दीड दिवस लागतो, तेव्हा पुरचुंडी डब्यात घालून तो शेगडीजवळच्या उबदार कोपऱ्यात ठेवावा. मोड अर्धा ते एक सेंटिमीटरचा झाला की पुरे. त्याहून लांबला तर दाण्याची गोडी जाते आणि उसळ दोऱ्यादोऱ्यांची लागते. एक वाटी कोरड्या मटकीची अडीच ते तीन वाट्या मोडाची मटकी होते. वजनही दुपटीहून अधिक भरते आणि वाढलेले वजन सगळे पाण्याचे असते, म्हणजे बाजारात वजनावर मिळणारी मोडाची मटकी घेताना निम्म्याहून जास्त पैसे पाण्याचे जातात.

मोड येताना दाण्यातली विकरे जागी होतात. साठवलेला पिष्टमय भाग ती फोडू लागतात, कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्व तयार होते आणि फायटिक आम्ल कमी होते. हे आम्ल लोह आणि जस्त यांना धरून ठेवते. ते घटले की दोन्ही शरीराला सहज मिळतात. वाढताना लिंबू पिळले तर लोहाचे शोषण आणखी सुधारते. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी हा फायदा मोठा आहे, पण त्यांना मोडाची कडधान्ये कच्ची मात्र देऊ नयेत. दाण्याला मोड आणणारी ऊब आणि ओल साल्मोनेलासारख्या जिवाणूंनाही मानवते. त्यांच्यासाठीची कोशिंबीर किंवा भेळ करतानाही मोड आधी नीट शिजवून घ्यावेत.

मोडाची मटकी आणि मूग यांना कुकर लागत नाही. कुकरमध्ये त्यांचा लगदा होतो. कढईत फोडणीवर परतून, बेताचे पाणी घालून, झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटांत ती शिजतात. कढईत पाणी कमी पडले तर झाकणावरचे गरम पाणी ओतता येते. हरभरा, वाटाणा, राजमा आणि चवळी यांना मात्र कुकर हवाच. कुकरमधल्या दाबामुळे पाणी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते आणि वेळ व गॅस दोन्ही वाचतात. शिट्ट्या मोजण्याची पद्धत सर्वत्र आहे, पण ती भरवशाची नाही, कारण आच मोठी असेल तर शिट्ट्या भराभर होतात आणि दाणे कच्चेच राहतात. पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून मिनिटे मोजावीत : चवळीला आठ-दहा, हरभरा आणि राजमा यांना वीस-पंचवीस. कुकर कडधान्य आणि पाणी मिळून निम्म्याच्या वर भरू नये, नाहीतर फेस वर येऊन शिट्टी तुंबते. राजम्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन हे विषारी प्रथिन असते. ते अर्धवट शिजलेल्या दाण्यात टिकून राहते आणि उलट्या-जुलाब होतात. राजमा बोटांनी सहज चिरडला जाईपर्यंत शिजवलाच पाहिजे.

एवढे करूनही काही दाणे गणंग राहतात. त्याचे एक कारण जुना माल, दुसरे जड पाणी आणि तिसरे, जे सर्वांत सोपे टाळता येते, ते म्हणजे आंबटपणा. चिंच, आमसूल किंवा टोमॅटो आधी घातले की दाण्याच्या भिंतीतले पेक्टिन विरघळत नाही आणि दाणा मऊ होत नाही. आंबट नेहमी दाणा शिजल्यावरच घालावे. चिमूटभर सोडा घातला की दाणे पटकन शिजतात हे खरे, पण त्यात बी-१ जीवनसत्त्व नष्ट होते. रोजच्या स्वयंपाकात सोड्याचा आधार घेऊ नये.

आठवड्याचा पाया म्हणून मटकीची उसळ घ्यावी. तीन-चार माणसांच्या एका जेवणाला एक वाटी, म्हणजे साधारण सव्वाशे ग्रॅम कोरडी मटकी पुरते; दोन जेवणांसाठी दोन वाट्या भिजवाव्यात. कढईत दोन मोठे चमचे तेल तापले की मोहरी टाकावी. ती पूर्ण तडतडल्याशिवाय पुढचे काही घालू नये, नाहीतर उसळ कडवट लागते. मग हिंग, कढीपत्ता आणि एक बारीक चिरलेला कांदा. कांदा गुलाबी झाला की हळद आणि मोडाची मटकी घालून दोन मिनिटे परतावे, मटकी बुडेल न बुडेल इतके गरम पाणी घालावे आणि झाकण ठेवावे. दाणा शिजला, पण अख्खा राहिला, अशा टप्प्यावर लहान मुलाचा वाटा वेगळा काढावा. मग उरलेल्या उसळीत तिखट, मीठ, गोडा मसाला, दोन आमसुले आणि सुपारीएवढा गूळ घालून पाच मिनिटे उकळी आणावी. ओले खोबरे महाग वाटत असेल तर दाण्याचे कूट घालावे. चव बदलते, बिघडत नाही.

मुलाचा वाटा आधी काढणे ही वेगळा स्वयंपाक टाळण्याची सर्वांत चांगली युक्ती आहे. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला मुगाच्या डाळीची मऊ खिचडी किंवा शिजवून गाळलेले मूग द्यायला सुरुवात करता येते. वर्षाचे होईपर्यंत त्यात मीठ घालू नये. दीड-दोन वर्षांच्या मुलाला हीच उसळ चेचून, तूप घालून भातात कालवून देता येते. बाजारातल्या बाळ-आहाराच्या पाकिटांवर होणारा खर्च यातून बराच वाचतो.

दुसऱ्या दिवशी तीच उसळ पुन्हा ताटात आली की घरात नाके मुरडली जातात, म्हणून तिचे रूप बदलावे. निम्मी उसळ कांदा-खोबऱ्याचे वाटण लावून पातळ केली, वर पोहे, शेव आणि कच्चा कांदा घातला की मिसळ होते. न शिजवलेले मोड थोडे बाजूला ठेवले असतील तर ते मसालेभातात घालावेत. मोडाचे मूग आले-मिरचीबरोबर वाटून धिरडी होतात, आणि ती शाळेच्या डब्यात थंड झाली तरी चांगली लागतात.

चवीचा कंटाळा टाळायचा असेल तर आपल्याच प्रदेशांकडे पाहावे. कोल्हापूर-सांगलीकडचा अख्खा मसूर भिजवण्याची वाट न पाहता होतो. गोव्यात मोडाचे मूग सोलून नारळाच्या रसात मुगागाठी करतात, त्यात कांदा-लसूण नसते. तिथलाच वाटाण्याचा टोणाक पावाबरोबर पोटभर जेवण ठरतो. रायगडच्या कडव्या वालांचे बिरडे चवीला अप्रतिम, पण भिजवून, मोड आणून एकेक दाणा सोलण्याचे काम वेळखाऊ आहे. ते रविवारी, घरातल्या सर्वांनी मिळून करावे. एकट्या बाईवर टाकू नये. ज्या दिवशी काहीच भिजवलेले नाही त्या दिवशी कोकणातले कुळथाचे पिठले उपयोगी पडते. लसणाच्या खमंग फोडणीत दोन वाट्या पाणी, आमसूल, मीठ, तिखट आणि थोड्या पाण्यात कालवलेले तीन मोठे चमचे कुळथाचे पीठ. गुठळ्या होऊ न देता ढवळत राहिले की दहा मिनिटांत भाताबरोबरचे जेवण तयार. कुळथाच्या पिठाचा पाव किलोचा डबा प्रत्येक नव्या घरात असावा.

टिकवण्याचे नियम थोडे आहेत. मोड आलेली कडधान्ये कोरड्या डब्यात फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतात. शिजवलेली उसळ उन्हाळ्यात दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये. फ्रिजमधली दोन दिवसांत संपवावी आणि दर वेळी खाण्यापुरतीच काढून नीट उकळावी. खोबरे घातलेली उसळ लवकर आंबते, त्यामुळे दुसऱ्या दिवसासाठी ठेवायच्या वाट्यात खोबरे आधी घालू नये. शिजवलेला हरभरा आणि राजमा पाण्यासकट फ्रीझरमध्ये महिनाभर चांगले राहतात. महिन्यातून एकदा अर्धा किलो शिजवून तीन डब्यांत भरून ठेवले की तीन संध्याकाळींची सोय होते.

पुढील आठवड्यात : ज्वारी, बाजरी आणि नाचणीची पिठे.