उलाळ गाडीचं शास्त्र

येवल्याच्या विंचूर चौफुलीवर रात्री थोडा वेळ उभं राहिलं की दोन अगदी वेगळ्या गाड्या एकाच रस्त्यावर दिसतात. नगर–मनमाड रस्त्याने चाकण-रांजणगावच्या नव्याकोऱ्या मोटारी पोटात भरून उत्तरेकडे निघालेला लांबलचक कंटेनर जातो आणि नाशिक–संभाजीनगर रस्त्याने कांद्याची ट्रॉली ओढत एखादा ट्रॅक्टर येतो. एकाच्या पोटात लाखोंचा माल, दुसऱ्याच्या पाठीवर शेतकऱ्याचं वर्ष. पदार्थविज्ञानाच्या लेखी मात्र दोन्ही एकच आहेत: स्वतःचं इंजिन नसलेली, एका पिनेवर टांगलेली, मागून ओढत न्यायची गाडी.

अशी गाडी निवडायची वेळ हल्ली पुष्कळांवर येते. कुणाला जुनी जीप गावाकडून शहरात न्यायची असते, कुणाला रॅलीची मोटार, तर कुणाचा मोटारी उचलून नेण्याचा धंदाच असतो. सगळे पहिला प्रश्न एकच विचारतात, ‘किती टनांचा ट्रेलर घेऊ?’ माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न बैलगाडीवाल्याला विचारावा लागतो.

दुचाकी बैलगाडीत माल मागे जास्त भरला की जू वर उचललं जातं, बैलांच्या गळ्याला जोत्यांचा फास बसतो आणि गाडी ‘उलाळ’ होते. पुढे जास्त भरला तर सगळा भार बैलांच्या मानेवर. म्हणून जुना गाडीवान पोती रचून झाली की जू हाताने उचलून पाहायचा. थोडं जड लागलं पाहिजे, फार नाही. ट्रेलरच्या हुकावर नेमका किती भार हवा हा प्रश्न आज इंजिनियर आकड्यांत सोडवतात. गाडीवान तो मनगटाने सोडवायचा.

आकडा असा: मोटारीमागे गोल हुकाला अडकवलेल्या ट्रेलरचं मालासकट जे वजन असेल, त्याच्या 10 ते 15 टक्के भार हुकावर पडायला हवा. समजा ट्रेलर 700 किलोचा आणि वर चढवलेली जीप 1300 किलोची. एकूण 2000, म्हणजे हुकावर 200 ते 300 किलो. हुकापासून ट्रेलरच्या चाकांच्या मध्यापर्यंतचं अंतर 3.9 मीटर धरा. आता जीप फक्त फूटभर, म्हणजे 30 सेंटिमीटर मागे सरकवली तर? 1300 गुणिले 0.3 भागिले 3.9, बरोबर 100 किलो. एका फुटाने हुकावरचा शंभर किलो भार नाहीसा होतो. 250 चे 150 होतात आणि गाडी उलाळ व्हायच्या वाटेला लागते. बहुतेक मोटारींत इंजिन पुढे असल्याने त्यांचं वजनही पुढच्या चाकांवर जास्त असतं. त्यामुळे मोटार ट्रेलरवर सरळ चढवली की उलटी, यानेही हाच आकडा बदलतो. ट्रेलर घेताना त्याच्या फळीवर मोटार पुढे-मागे सरकवायला हातभर जागा उरते का, हे म्हणूनच आधी पाहावं.

उलाळ ट्रेलर रस्त्यावर काय करतो? डुलतो. वाऱ्याचा झोत आला, शेजारून बस गेली किंवा खड्डा लागला की ट्रेलरची शेपटी बाजूला जाते. टायर तिला परत ओळीत आणतात, ती पलीकडे जाते, पुन्हा परत येते. हळू वेगात प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा लहान होत जिरतो, कारण टायर रस्त्याला घासत तो झोका खातात. पण वेग वाढला की टायरची ही झोका खाण्याची ताकद कमी होत जाते आणि एका ठरावीक वेगानंतर प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो. वजन जितकं मागे, तितका हा घातक वेग कमी. म्हणजे एकच ट्रेलर ताशी साठला साधासरळ आणि ऐंशीला बेफाम असू शकतो. ‘येताना तर नीट आला होता’ ही तक्रार त्यामुळेच ऐकू येते. अशा वेळी ब्रेक दाबणं किंवा वेग वाढवून ‘ओढून सरळ करणं’ हे दोन्ही उपाय अंगावर येतात. अॅक्सिलरेटरवरून पाय काढावा, स्टिअरिंग सरळ धरावं आणि ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक असेल तर फक्त तोच लावावा.

ब्रेकची गोष्ट आली की मला मनमाडच्या वाटेवरची अनकाई बारी आठवते. चढावर ट्रॉली मागे ओढते, उतारावर पुढे ढकलते. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते आणि ती सगळी उष्णता होऊन ब्रेकमध्ये जिरावी लागते. युरोपात 750 किलोंच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. आपल्याकडे कितीतरी ट्रॉल्या टनावारी माल घेऊन केवळ ट्रॅक्टरच्या ब्रेकवर उतरतात. त्यातही ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे दोन वेगळे ब्रेक पेडल असतात. शेतात वळायला ते उपयोगी. रस्त्यावर येताना ते कडीने जोडायचे राहिले आणि घाईत एकावरच पाय पडला, तर ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो.

ट्रॉलीची निवडही हुकावरच्या भाराचीच गोष्ट आहे. दोन चाकी ट्रॉली आपल्या वजनाचा काही भाग ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर टाकते. त्याने पकड वाढते, पण पुढची चाकं हलकी होतात आणि चढावर ट्रॅक्टर तोंड उचलतो. चार चाकी ट्रॉली स्वतःचं वजन स्वतः पेलते, हुकाला जवळजवळ फक्त ओढ देते. मात्र ती मागे घेणं हे कसब आहे आणि ते सगळ्यांना जमतं असं नाही.

मोटारी नेणाऱ्या कंटेनरात भाराचा हिशेब आणखी वेगळा. त्याचा पुढचा बराच भार ‘घोड्या’च्या, म्हणजे ओढणाऱ्या ट्रकच्या मागच्या चाकांवर टेकलेला असतो, त्यामुळे तो सहसा डुलत नाही. त्याची भीती उंचीची, म्हणजे कलंडण्याची. अशा वाहनाला आपल्याकडे 4.75 मीटरपर्यंत उंची चालते, रुंदी मात्र 2.6 मीटरच. म्हणून जड मोटारी खाली, हलक्या वर. आतल्या मोटारी पट्ट्याने बांधतात तेही टायरवरून. सांगाड्याला बांधल्या तर स्प्रिंग खालीवर होऊन पट्टा सैल पडतो.

मग घ्यावं काय? बंद पडलेली ऑटोमॅटिक, फोर व्हील ड्राइव्ह किंवा इलेक्ट्रिक मोटार न्यायची असेल तर चारही चाकं वर घेणारा सपाट फळीचाच ट्रक हवा. ऑटोमॅटिकचं इंजिन बंद असताना गिअरबॉक्समध्ये तेल फिरत नाही आणि इलेक्ट्रिकची चाकं फिरली की मोटर वीज तयार करू लागते. वर्षातून एकदोनदाच काम असेल तर भाड्याने घ्या, विकत घेऊ नका. नेहमीचं काम असेल तर दोन आसांचा, स्वतःचे ब्रेक असलेला ट्रेलर घ्या. एक टायर फुटला तरी तो लगेच कोसळत नाही. ट्रेलरचीही आरटीओकडे स्वतंत्र नोंदणी लागते, हे विसरू नका.

आणि घेतल्यावर, माल चढवून, एकदा भुईकाट्यावर जा. कांद्याच्या हंगामात गर्दी असते, दुपारी जा. ट्रेलर सोडून, त्याच्या पुढच्या पायासकट काट्यावर उभा करा आणि वजन घ्या. मग मोटारीला जोडून फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर राहतील असा उभा करा आणि पुन्हा वजन घ्या. दोन आकड्यांतला फरक हा हुकावरचा भार. तो एकूण वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी निघाला, तर पट्टे सोडा, मोटार फूटभर पुढे घ्या आणि परत काट्यावर चढा.