वांग्यातली अळी

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी म्हणजे चंपाषष्ठी. चातुर्मासात वर्ज्य असलेले वांगे त्या दिवशी भरीत होऊन खंडोबाच्या नैवेद्याला आणि मग आपल्या ताटात येते. सरकारी नोकरीच्या निमित्ताने मी वाराणसीस राहावयास आलो, तेव्हा घरात पहिली चिंता निघाली ती या भरताच्या वांग्याची. ती व्यर्थ होती. गंगेपलीकडच्या रामनगरचे गोल, मोठे वांगे भरतासाठीच जन्मास आले असावे. त्याला तिकडे भंटा म्हणतात, आणि २०२३ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. बाजारातून आणण्यापेक्षा परसातच दहाबारा रोपे लावावी असे मी ठरविले.

रोपे जोमाने वाढली. एका सकाळी पाहतो तो चार शेंड्यांनी माना टाकलेल्या. पाणी तर रोज घालीत होतो! दुकानदाराने दिलेले जहाल औषध मी आणून फवारले. सुकलेले शेंडे काही टवटवीत झाले नाहीत. उलट शेजारच्या चवळीवर मावा दुपटीने वाढला, कारण मावा खाणारे लाल ढालकिडे त्या औषधाने मेले होते. माझे औषध मित्राला लागले आणि शत्रूला चुकले. असे का व्हावे, याचा शोध घेताना जे समजले तेच आज सांगावयाचे आहे.

या शत्रूचे नाव शेंडा व फळ पोखरणारी अळी. पांढुरक्या पंखांवर तपकिरी ठिपके असलेला एक लहानसा पतंग रात्री पानांवर सुटी सुटी अंडी घालतो. तीन ते सहा दिवसांत अळी बाहेर येते आणि लवकरच कोवळ्या शेंड्यात किंवा फळात शिरते. शिरलेले छिद्र ती आपल्याच विष्ठेने बुजविते. पुढचे सारे आयुष्य आत, कवाड लावून! पूर्ण वाढलेली गुलाबी अळी बाहेर पडून पालापाचोळ्यात कोष विणते, आणि आठदहा दिवसांनी त्यातून नवा पतंग निघतो. म्हणजे फवारा अळीला गाठू शकतो तो केवळ अंड्यातून निघून आत शिरेपर्यंतच्या अल्प वेळात. ही वेळ साधावी म्हणून शेतकरी पुन्हा पुन्हा फवारतो, कधी तोडणीच्या आदल्या दिवशीही. आणि ते विष भाजीबरोबर आपल्या मुलाबाळांच्या पोटात जाते.

थंड देशांत कडक हिवाळा कीटकांची वाढ महिनोन् महिने थांबवितो. आपल्याकडे तसे नाही. वाराणसीची पौषातली थंडी या अळीला मंद करते, संपवीत नाही. ऊन वाढले की महिन्याभरात एक पिढी पुरी होते. म्हणून उष्ण प्रदेशातल्या बागाइताने एकदाच मोठा घाव घालण्यापेक्षा दर आठवड्याला थोडे काम करावे, हेच श्रेयस्कर.

हे काम कोणते? वाराणसीजवळच भारतीय भाजीपाला संशोधन संस्था आहे. २००० नंतरच्या वर्षांत तिने तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्राच्या सहकार्याने शेतकऱ्यांच्या शेतांवर याच अळीच्या बंदोबस्ताचे प्रयोग केले. त्यांतून निघालेले उपाय अगदी साधे आहेत. सुकलेला शेंडा दिसताच थोडा खालून कापावा, म्हणजे आतली अळी सापडते. तो खताच्या खड्ड्यात टाकू नये. जाळावा किंवा साबणाच्या पाण्यात बुडवावा. किडकी फळेही तशीच वेचावी. दुसरा उपाय कामगंध सापळ्याचा. मादीच्या गंधासारखा कृत्रिम गंध लावलेल्या सापळ्यात नर येऊन अडकतात आणि पुढची वीण घटते. तिसरी गोष्ट जुन्या झाडांची. हंगाम संपल्यावर वांग्याची वाळकी झाडे सरपणासाठी रचून ठेवण्याची रीत आहे. त्या राशीतूनच नव्या पिकावर पतंग उडतात. आणि चौथी गोष्ट म्हणजे जहाल औषधांचा हात आवरणे. त्राथाला नावाची एक बारीक माशी या अळीच्या अंगात आपले अंडे घालते आणि तिचा नाश करते. आपण विष फवारतो तेव्हा बिनपगारी काम करणारी ही माशी आधी मरते.

मग आपला कडुनिंब कोठे गेला, असे श्रोते विचारतील. त्याचे स्थान मोठे आहे. पन्नास ग्रॅम निंबोळीच्या गराची पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, गाळून त्यात चिमूटभर साबण मिसळावा आणि उन्हे उतरल्यावर पानांच्या खालूनवरून फवारावी. भर उन्हात तिचा गुण लवकर नष्ट होतो. मावा, तुडतुडे, पांढरी माशी आणि लहान अळ्या यांवर ती चालते. फळात शिरलेल्या अळीवर नाही. आणखी एक सावधगिरी. जे निसर्गातले ते निरुपद्रवी, असे मानू नये. तंबाखूचा काढा झाडपाल्याचाच, पण त्यातले निकोटीन माणसालाही घातक विष आहे.

गेल्या हंगामात मी दर रविवारी कात्री घेऊन परसात फिरलो. तरीही अळी पुरती गेली नाही, कारण भिंतीपलीकडच्या बागेतून पतंग येतच होते. शेजाऱ्यांशी बोललो, तेव्हा तेही शेंडे कापू लागले. मग मात्र फरक दिसला. या कामी एकट्याचे पुण्य पुरत नाही.

आणि एक वाटा खाणाऱ्याचाही आहे. बाजारात आपण तुळतुळीत, बिनडागी वांगेच निवडतो. त्या आग्रहापायीच शेतकऱ्याचा हात पुन्हा फवाऱ्याकडे जातो. यंदा चंपाषष्ठीला परसातली वांगी चिरून पाहिली, तेव्हा दोघांत भोक निघाले. तेवढा भाग काढून टाकला. भरीत पोटभर झाले, आणि नैवेद्य दाखविताना मनात कसली शंका उरली नाही.