घाम गाळा, पण तापात नको!

'कणकण वाटतेय? मग जिमला ये. तासभर ट्रेडमिलवर पळ, घाम आला की ताप गायब!' आमच्या ग्रुपमधल्या एका फिटनेसवेड्या मित्राचा हा हमखास सल्ला. ऐकायला एकदम लॉजिकल वाटतो. तापात अंग तापतं, पळतानाही तापतंच की! मग बिघडलं कुठे?

बिघडतं ते असं. आपल्या मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा थर्मोस्टॅट असतो. जंतू शिरले की तो स्वतःच सेटिंग वर नेतो, कारण वाढलेल्या तापमानात अनेक जंतूंची वाढ मंदावते आणि रोगप्रतिकारक पेशी जोमानं काम करतात. म्हणून तर ताप चढताना आपण थंडीनं कुडकुडतो. व्यायामात सेटिंग जागच्या जागी असतं. स्नायूंच्या उष्णतेनं शरीर ३८-३९ अंश सेल्सिअसपर्यंत जातं आणि घाम काढून ते गार व्हायला धडपडतं. आता तापात पळलात, तर उष्णतेवर उष्णता! अंगातलं पाणी कमी होतं, हृदयावर ताण येतो. त्यातून विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आली असेल, म्हणजे मायोकार्डायटिस, तर जोरदार व्यायाम जिवावरही बेतू शकतो.

मग व्यायामानं इम्युनिटी वाढते, हे खोटं? मुळीच नाही! पळायला लागलं की काही मिनिटांतच रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढतात. तासा-दोन तासांनी त्यातल्या काही कमी होतात. पूर्वी याला अशक्तपणा समजत. आता अनेक संशोधक म्हणतात, त्या फुप्फुसांत, आतड्यांत गस्तीला जातात.

अमेरिकन संशोधक डेव्हिड नीमन यांनी २०११ मध्ये सुमारे हजार जणांचा १२ आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्यातून पाच किंवा जास्त दिवस व्यायाम करणाऱ्यांचे सर्दी-खोकल्याचे दिवस, जेमतेम एक दिवस हलणाऱ्यांपेक्षा ४३ टक्के कमी होते. पण अति तिथे माती! १९८७ च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतरच्या आठवड्यात १२.९ टक्के धावपटूंनी आजारी पडल्याचं सांगितलं; तशीच तयारी करून न धावलेल्यांत हे प्रमाण फक्त २.२ टक्के होतं.

तेव्हा जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनचा सराव असो की ऑफिसनंतरचं जिम, एवढं पाळाच:

* त्रास फक्त मानेच्या वर, म्हणजे नाक वाहणं, शिंका? हलकं चालणं चालेल.
* ताप, अंगदुखी, छातीत कफ? पूर्ण सुट्टी.
* ताप उतरल्यावर लगेच फुल स्पीड नको. चालण्यापासून सुरुवात करा.
* छातीत दुखलं, धडधडलं किंवा धाप लागली, तर थेट डॉक्टर गाठा.

जिमची फी वाया जातेय म्हणून हळहळू नका. तापातल्या दोन दिवसांच्या विश्रांतीनं सिक्स पॅक कुठे पळून जात नाहीत!