क्षितिजापलीकडे पाहणारा रडार

31 जुलै 2011 रोजीं मुंबईंतील जुहूच्या वाळूंत ‘पवित’ नांवाचें तेलवाहू जहाज येऊन रुतलें. त्यावर एकहि माणूस नव्हता. सुमारें महिन्यापूर्वीं ओमानच्या बाजूस खलाशांनीं तें सोडून दिलें होतें. वारा व प्रवाह यांनीं तें अरबी समुद्रापार आणलें, आणि किनाऱ्यास लागेपर्यंत तें कोणाच्या ध्यानीं आलें नाहीं. क्षितिजापलीकडचें जहाज कसें दिसावें, आणि प्रवाह त्याला कोठें नेईल हें कसें कळावें?

सामान्य रडारच्या लहरी कांहीं सेंटिमीटर लांबीच्या असून जवळजवळ सरळ जातात. पृथ्वी गोल असल्यामुळें 30 मीटर उंच मनोऱ्यावरून समुद्राचा पृष्ठभाग सुमारें 20 किलोमीटरांपर्यंतच दिसतो. पुढचें पाणी फुगवट्याआड जातें.

यावर उपाय लघुलहरींचा. समुद्रापासून तीनशें किलोमीटरांहून दूर असलेल्या, बीड जिल्ह्यांतील दिंद्रुडसारख्या गांवींहि रात्रीं लघुलहरींवर परदेशची केंद्रें ऐकूं येतात; कारण वातावरणाच्या वरच्या विद्युद्भारित थरावरून त्या पुन्हां भूमीकडे परततात. कांहीं रडार हाच आकाशमार्ग वापरून हजारों किलोमीटरांवर दृष्टि टाकतात. दुसरा मार्ग पाण्यालगतचा आहे. कोरड्या भूमींत लहरींची शक्ति लवकर जिरते; खारें पाणी मात्र विजेचें चांगलें वाहक असल्यानें लघुलहर त्याला बिलगून, त्याच्या वळणानें क्षितिजापलीकडे जाते.

प्रवाह मोजण्याची किल्ली क्रॉम्बी या शास्त्रज्ञानें 1955 सालीं न्यूझीलंडमध्यें दाखविली. 22 मीटर लांबीची रेडिओलहर सोडली, तर तिच्या निम्म्या, म्हणजे 11 मीटर लांबीच्या समुद्रलाटांचे प्रतिध्वनि एकमेकांत मिळून प्रबळ होतात. अशा लाटेचा वेग खोल पाण्यांत सेकंदास सुमारें 4.1 मीटर असतो, हें गणितानें ठाऊक आहे. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिटी जशी चढ्या स्वरांत ऐकूं येते, तशी जवळ येणाऱ्या लाटेच्या प्रतिध्वनीची कंपनसंख्या वाढते. त्यावरून वेग कळतो. तो 4.5 मीटर भरला, तर अधिकचे 0.4 मीटर प्रवाहाचे होत. जहाजाचा वेग लाटांहून निराळा असल्यास त्याचा प्रतिध्वनिहि वेगळा उमटतो. वेग सारखाच असेल, तर जहाज लाटांच्या गोंगाटांत लपतें.

एका केंद्राला प्रवाह जवळ येतो कीं दूर जातो, एवढेंच कळतें. त्याची खरी दिशा जाणण्यास दुसरें केंद्र हवें. म्हणून चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेनें भारताच्या किनाऱ्यावर अशा रडारांच्या जोड्या उभारल्या. त्यांपैकीं एक गुजरातेंत खंबायतच्या आखातावर असून, अशा रडारची धांव सुमारें 200 किलोमीटरांपर्यंत जाते.

या साधनाची दृष्टि लांब असली तरी बारीक नाहीं. लहान होडी तींतून निसटते. तिच्यासाठीं किनाऱ्यावरचा सामान्य रडार व गस्तीची नौका हवीच. परंतु बुडणारा माणूस, सांडलेलें तेल किंवा निर्मनुष्य जहाज कोणत्या बाजूस वाहात जाईल, हें प्रवाहाच्या नकाशावरून आधीं कळलें, तर शोधाचें क्षेत्र आटोक्यांत येतें; आणि समुद्रावरील शोधांत वांचलेला प्रत्येक तास एखाद्याचा प्राण वांचवूं शकतो.