पेटीतली तूरडाळ आणि परक्या देशाचे दार

सोलापूरहून परदेशातल्या लेकाकडे किंवा लेकीकडे निघालेल्या आईवडिलांच्या पेटीत काय असते, हे आपल्याला ठाऊक आहे. शेंगाचटणी, कडक भाकरी, घरची तूरडाळ, धने-जिरे, वाळलेल्या मिरच्या, ओल्या फडक्यात गुंडाळलेला कढीपत्ता आणि जागा उरलीच तर दोन डाळिंबे. विमानतळावर उतरल्यावर तिथला अधिकारी यांतले काही परत देतो आणि काही नष्ट करण्यासाठी काढून घेतो. भाकरी चालते आणि डाळ चालत नाही, हा कुठला न्याय, असे कुणालाही वाटेल.

हे नियम वरवर लहरी दिसतात, पण बहुतेकांच्या मुळाशी एकच प्रश्न असतो: या वस्तूत किंवा वस्तूवर जिवंत असे काय आहे, आणि ते इथे उतरले तर जगेल काय? पदार्थ खाणाऱ्याला बाधेल का, हा प्रश्न वेगळा. येथे चिंता असते ती त्या देशाच्या शेतांची, गोदामांची आणि जनावरांची.

न उडणारा प्रवासी

प्रथम तूरडाळ आणि धने-जिरे पाहू. साठवलेल्या धान्यात खपरा नावाचा भुंगेरा होतो. तो मूळचा भारतीय उपखंडातला मानला जातो. प्रौढ भुंगेरा जेमतेम दोन-तीन मिलिमीटर लांबीचा असतो. नुकसान करते ती त्याची केसाळ, तपकिरी अळी. ही अळी अगदी कोरड्या धान्यातही वाढते. परिस्थिती प्रतिकूल झाली की ती भेगेत शिरून सुप्तावस्थेत जाते आणि तशी काही वर्षे अन्नावाचून राहू शकते. रिकामे पोते झटकले म्हणजे कीड गेली, असे म्हणूनच समजता येत नाही.

गंमत अशी की खपऱ्याला उडता येत नाही. तरीही तो समुद्र ओलांडून गेला, कारण माणसाने त्याला पोत्यांतून आणि पेट्यांतून नेले. १९५३ साली तो अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या धान्यगोदामांत सापडला. इमारतीच्या इमारती ताडपत्रीत गुंडाळून आत विषारी वायूची धुरी द्यावी लागली आणि त्याचा नायनाट व्हायला १९६६ साल उजाडले. ज्या देशाने हे एकदा भोगले, तो मूठभर तांदळाकडेही संशयाने पाहतो.

ऑस्ट्रेलियाने २०२० पासून प्रवाशांच्या सामानातून येणाऱ्या अशा धान्यांवर बंदी घातली आहे. त्या यादीत तांदूळ, गहू, हरभरा, तूर, मूग, मसूर, शेंगदाणे, करडई, धने, जिरे, बडीशेप, वाळलेल्या मिरच्या अशी नावे आहेत. सोलापूरच्या स्वयंपाकघरातली निम्मी फळी या यादीत आली, असे म्हटले तरी चालेल.

भाजले तर?

मग शेंगाचटणीचे काय? तिच्यातले दाणे भाजलेले असतात, आणि तव्यावरच्या उष्णतेत अंडी, अळी, भुंगेरा यांपैकी काहीच टिकत नाही. भाजलेला दाणा पेरला तर उगवतही नाही. म्हणून भाजलेल्या, तळलेल्या, उकडलेल्या पदार्थांना ऑस्ट्रेलियाच्या नियमांत सवलत आहे. मात्र ते पदार्थ कारखान्यात तयार होऊन तिथेच बंद केलेले असावेत, अशी अट आहे.

ही अट विनाकारण नाही. घरी भाजलेले दाणे आपण फडताळातल्या डब्यात ठेवतो. शेजारच्या डब्यातली कीड पुन्हा त्यात शिरू शकते. उष्णता त्या वेळची कीड मारते, पुढची अडवत नाही. पुढची अडवते ते बंद पाकीट. घरच्या चटणीबाबत म्हणून एकच मार्ग उरतो. ती अर्जावर नोंदवायची, अधिकाऱ्याला दाखवायची आणि निर्णय त्याच्यावर सोपवायचा.

पान आणि दूध

कढीपत्त्याची गोष्ट निराळी आहे. कढीपत्ता, लिंबू आणि संत्रे ही एकाच कुळातली झाडे. लिंबूवर्गीय झाडांचा रस शोषणारी सिला नावाची एक चिमुकली कीड कढीपत्त्यावरही राहते आणि झाडाझाडांत ग्रीनिंग रोगाचे जीवाणू पसरवते. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात ही कीड १९९८ साली आणि रोग २००५ साली आढळला. २००३-०४ च्या हंगामात तिथे संत्र्यांच्या सुमारे २४ कोटी पेट्या निघाल्या होत्या. २०२३-२४ मध्ये त्या दोन कोटींच्याही आत आल्या. यात वादळांचाही वाटा आहे, पण मुख्य घाव या रोगाचा. ताजा कढीपत्ता अमेरिकेत नेऊ देत नाहीत तो यामुळे.

दूध आणि मांस यांबाबत भीती असते ती विषाणूंची. आपल्याकडे जनावरांना लाळ्या-खुरकूत होतो. अनेक देशांत हा रोग नाही. ब्रिटनमध्ये २००१ साली त्याची साथ आली तेव्हा साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. उष्णतेची प्रक्रिया न केलेले खरकटे डुकरांना घातल्याने ती सुरू झाली असावी, असे तपासात दिसले. युरोपीय संघात बाहेरच्या प्रवाशांना मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, त्यामागे हीच भीती आहे.

हाच नियम वाट देतो

आता डाळिंब. दोन डाळिंबे पेटीतून जाऊ शकत नाहीत, पण टनावारी डाळिंबे जातात, हे कसे? सोलापूर भागातली ५.७ टन डाळिंबे ६ डिसेंबर २०२४ रोजी समुद्रमार्गे निघाली आणि १३ जानेवारी २०२५ रोजी सिडनीला पोहोचली. मोठ्या मालाची बाग नोंदलेली असते, फळांची तपासणी होते, ठरलेली प्रक्रिया होते आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र सोबत असते. पेटीतल्या फळाचा असा कोणताही इतिहास अधिकाऱ्यापुढे नसतो.

या प्रक्रियांपैकी एक म्हणजे विकिरण. २००७ मध्ये लासलगावच्या केंद्रात विकिरण केलेला हापूस अमेरिकेला गेला. त्यासाठी किमान ४०० ग्रे इतकी मात्रा द्यावी लागते. एक ग्रे म्हणजे एका किलोग्रॅमला एक ज्यूल ऊर्जा. पाण्याचा विशिष्ट उष्मा ४२०० धरला, तर ४०० ज्यूलने एक किलो फळाचे तापमान सुमारे ०.१ अंश सेल्सिअसने वाढेल. फळ शिजत नाही आणि किरणोत्सारीही होत नाही. पण तेवढ्या ऊर्जेने किडीच्या पेशींतले डीएनए तुटतात आणि तिची पुढची पिढी निपजत नाही.

प्रक्रियेत ढिलाई झाली तर काय होते, तेही आपण पाहिले आहे. फळमाशी आणि इतर किडी वारंवार सापडल्याने युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंबा, कारली, पडवळ, वांगी आणि अळू यांवर बंदी घातली. तपासणी सुधारल्यावर आंब्यावरची बंदी २०१५ मध्ये उठली.

आपलेही दार आहे

परदेशी नियमांवर रागावताना आपण विसरतो, की आपल्यालाही राखायला शेती आहे. अमेरिका खंडातली लष्करी अळी २०१६ मध्ये आफ्रिकेत आणि २०१८ मध्ये कर्नाटकात दिसली. त्याच वर्षी ती सोलापूर जिल्ह्यातल्या मक्यावर आली. डाळिंबाचा तेल्या रोग तर रोगट कलमांबरोबर गावोगाव फिरतो. त्याला पारपत्रही लागत नाही. भारतात अशा किडींविरुद्धचा कायदा १९१४ पासून आहे. २००३ च्या आदेशानुसार परदेशातून बियाणे किंवा रोप आणायचे तर आयात परवाना आणि तिकडचे आरोग्य प्रमाणपत्र लागते. 'एवढेसे बी' म्हणून खिशातून आणलेली फुलझाडाची बीही यातून सुटत नाही.

प्रवाशाने पाळायचा नियम सोपा आहे. पेटीत खाण्याचे जे असेल ते अर्जावर लिहावे. लिहिलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते; लपवलेल्या किंवा विसरलेल्या वस्तूला दंड होतो. न्यूझीलंडमध्ये पिशवीत विसरलेल्या एका फळालाही ४०० डॉलर दंड बसू शकतो.

वर्गात करण्यासाठी

घरातले दोन-तीन महिने ठेवलेले हरभरे, तूर आणि धने प्रत्येकी एक वाटी घ्या. काचेच्या बरणीत भरून तोंडाला पातळ फडके बांधा. प्रत्येकाचा अर्धा भाग भाजून, गार करून वेगळ्या बरणीत ठेवा. दोन महिने दर आठवड्याला चाळून भिंगाखाली पाहा आणि नोंद करा. नंतर भाजलेल्या धान्याच्या एका बरणीचे फडके काढून ती उघडी ठेवा व काय होते ते पाहा. शेवटी विद्यार्थ्यांना विचारा: प्रवाशाला नारळ, केळे, अननस, खजूर आणि ड्युरियन ही पाच फळे युरोपीय संघात प्रमाणपत्राशिवाय नेता येतात, पेरू मात्र नाही. पेरू कापून पाहिल्यावर त्याचे कारण कुणाला सुचते?