न दिसणारा धूर : भट्टीतल्या नायट्रोजन ऑक्साइडला आळा



चिमणीतून काळा धूर निघाला की गावात लगेच बोलणे होते. पण त्याच चिमणीतून नजरेला न दिसणारा नायट्रोजन ऑक्साइडही जातो, त्याची चर्चा कोणी करीत नाही. उन्हात तो हवेतल्या इतर वायूंत मिसळून जमिनीलगत ओझोन तयार होतो. हा ओझोन छातीला त्रास देतो, गहू-सोयाबीनचा उताराही घटवतो. तेव्हा हा प्रश्न शेतकऱ्याचाही आहे.

तो होतो कसा? हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो गप्प असतो. पण जाळ सुमारे १५०० अंश सेल्सिअसच्या वर गेला की प्राणवायूशी जोडला जातो. शिवाय दगडी कोळशात मुळातच थोडा नायट्रोजन असतो, तोही जळतो.

उपाय दोन प्रकारचे. पहिला, जाळावर ताबा. सगळी हवा एकदम न देता काही खाली व उरलेली वरून दिली की जाळ फार भडकत नाही. दुसरा, तयार झालेला वायू मोडणे. ८५० ते ११०० अंशांच्या पट्ट्यात अमोनिया किंवा युरियाचे पाणी फवारतात. होय, आपण उसाला घालतो तोच युरिया! वायूचे पुन्हा साधा नायट्रोजन व पाणी होते. उत्प्रेरक वापरल्यास हेच काम ३०० ते ४०० अंशांवर आणि जास्त चांगले होते. पण खर्च मोठा, आणि आपल्याकडील कोळशाच्या भरमसाट राखेने उत्प्रेरक झिजतो, तुंबतो.

केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये कोळशावरील वीज केंद्रांना या वायूची मर्यादा घातली. २०१७ पासूनच्या नव्या संचांना ती घनमीटरला १०० मिलिग्रॅम आहे. जुन्यांना जादा सूट आहे.

मग आपला बॉयलर? बगॅसमध्ये सुमारे निम्मे पाणी असते आणि नायट्रोजन कमी, म्हणून जाळ तितका तापत नाही व हा वायू कोळशापेक्षा कमी होतो. पण सहवीजेसाठी कोळसा जाळला की हिशेब बदलतो. हवा गरजेपेक्षा जादा सोडली तर उष्णता चिमणीवाटे जाते आणि बगॅस जास्त लागतो. फार कमी केली तर जळण अर्धवट राहून विषारी कार्बन मोनॉक्साइड होतो. म्हणून चिमणीकडे जाणाऱ्या वायूतील प्राणवायूचे प्रमाण रोज मोजावे लागते.

वार्षिक सभेत उताऱ्याबरोबर हा आकडाही जरूर विचारावा. बगॅस वाचला तर पैसा आपलाच, आणि हवाही आपलीच.